कमांडर ऑर्बोचं उद्यापन

कपाट उघडलं आणि मी मटकन खाली बसलो. 

कपाट रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, धुतलेलं. फळ्या ओल्या फडक्यानं पुसलेल्या, मधल्या फळीवर कुंकवाचं स्वस्तिक आणि त्यावर एक सुपारी. सकाळी मी दुकानाचा माल आणायला नागपूरला गेलो, दुपारी तीनला सेलूत परत आलो, आणि तेवढ्या वेळात माझी वीस वर्षं कोणीतरी पुसून टाकली होती.

त्यात काय होतं ते सांगतो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. त्यात चौदा बाहुले होते. अंतराळवीर, यंत्रमानव, परग्रहावरचे सेनापती, सगळे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी परदेशी कारखान्यांत बनलेले. जुनी नाणी जमवणाऱ्याला लोक व्यासंगी म्हणतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात बसणारा मी, पंचेचाळिशीचा प्रफुल, यंत्रमानव जमवतो म्हटलं की अख्ख्या गावाला हसू फुटतं. फुटू दे, माझी त्याला ना नव्हती.

चौदांत राजा होता कमांडर ऑर्बो. चंदेरी शिरस्त्राण, छातीवर लाल बटण, हातात किरणांची बंदूक. मूळ पुठ्ठ्यावर, पारदर्शक कवचाखाली, जन्मल्यापासून एकदाही न उघडलेला. या छंदात सगळा जीव त्या न उघडण्यात असतो. कवच फाटलं की ते खेळणं होतं. येत्या रविवारी नागपूरच्या प्रदर्शनात ऑर्बो मधोमध बसणार होता. हिंगणघाटचा नीलेश, माझ्यासारखाच एक वेडा, त्यानं चार शहरांतल्या लोकांना तसं कळवून ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी शहाणं म्हणणार होतं.

"आई!" मी ओरडलो. आवाज माझाच होता का, शंकाच आहे.

आई स्वयंपाकघरातून आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळाला गुलाल, चेहरा उजळलेला.

"आला का रे? बस. पोळ्या होऊन राह्यल्या."

"आई, कपाटातलं सामान कुठं हाये?"

"फेडला रे बाप्पा, तुया नवस फेडला आज," ती म्हणाली. "मी आन् शेजारची धुरपताबाई ऑटोनं पवनारले गेलतो. सारे देव धाम नदीत सोडून आलो."

माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली.

हा नवस कुठून आला, तेही सांगतो, कारण तो मीच आणला होता. वडनेरला दिलेली माझी बहीण मोहिनीताई अकरा वर्षांपूर्वी मुलांना घेऊन आली होती. मुलं ऑर्बोसाठी हटून बसली. आई म्हणाली, "देऊन टाक लेकरायले. कपाटात ठेवून त्याचं काय लोणचं घालतं?" पुठ्ठ्याचा कोपरा धाकट्याच्या मुठीत होता. मी घाबरून तोंडाला आलं ते बोललो, "आई, नवसाचे हायेत ते! हात नको लावू!"

मुलांच्या हातातून ऑर्बो झटक्यात आईच्या हातात आला आणि तिथून कपाटात. कोणता नवस, कोणाला बोलला, काही विचारलं नाही तिनं. बोललेला नवस दुसऱ्याला सांगायचा नसतो, हे तिचं पक्कं. त्या दिवसापासून कपाटाला कोणी बोट लावलं नाही. दर शनिवारी त्याच्यासमोर उदबत्ती लागायची. मी नीलेशला ही गंमत सांगून पोट धरून हसवलं होतं. कुलूप घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही मला.

"सारे सोडले?" मी विचारलं.

"चौदाही. एकेकाले हळद-कुंकू लावून. वरचं ते प्लास्टिक मात्र फाडून कचरागाडीत देलं बाप्पा. नदीत प्लास्टिक टाकू नका असा तिथं बोर्ड हाये." ती थोडी हसली. "तो चांदीच्या टोपाचा मोठा देव काही बुडेना. तरंगूनच राह्यला होता. मंग मी हात जोडले, म्हटलं, जा आता, तुयं काम झालं. तवा गेला धारेले लागून."

डोक्यात सणक गेली. प्लास्टिक वेगळं काढून प्लास्टिकच नदीत सोडणारी माझी आई! मी तरातरा उठलो. "तुले कोणी सांगतलं होतं हे कराले? मले विचारता येत नव्हतं? वीस वर्षं, आई! वीस वर्षं मी..."

"असं बोलू नाई," ती घाबरून म्हणाली. "पुरा झालेला नवस फेडला नाई तं तो लेकराले भोवते. पाच महिने नीट पार पडू देले, मंगच गेली मी."

तेव्हा मला सपना दिसली. माझी बायको, शाळेतून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स तशीच, दाराला टेकून उभी. लग्नाच्या तेराव्या वर्षी तिला दिवस गेले होते. आईनं नवसाचा अर्थ काय लावला होता, तो सपनाच्या पोटावर ठेवलेल्या हाताखाली होता. सपनाला खरं काय ते पहिल्यापासून ठाऊक होतं. ती पांढरीफटक पडली होती आणि मला मानेनं नाही, नाही म्हणत होती.

पण माझा राग थांबेना. बोलणार होतोच. त्याआधी आईनं पुरणपोळीचं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः पाटावर बसली.

"पह्यला घास तू दे मले," ती म्हणाली. "ज्याचा नवस त्याच्याच हातानं सुटते."

"काय सुटते?"

"गोड."

मला कळेना.

"नवस बोलला की काहीतरी सोडा लागते ना रे. तू तं पेढे खात फिरून राह्यला होता. म्हटलं, पोराच्यानं होत नाई, आपण पाळू त्याच्या नावानं. त्या दिवसापासून गूळ नाई, साखर नाई, सणालेसुद्धा नाई."

"पण आई, तुले तं शुगर..."

"ते तूच म्हणे. मी म्हटलं, बरं हाये, कोणी आग्रह करत नाई."

खरंच, मीच म्हणायचो. तिनं चहातली साखर सोडलेली पाहिली आणि मनानंच ठरवून टाकलं. लग्नांच्या पंगतीत वाढप्याला हात आडवा करून सांगायचो, "आईला शुगर आहे, तिला नको." एकदा तर तिच्या पानात पडलेली जिलबी मी स्वतः उचलून माझ्या पानात घेतली होती, आणि ती वरणभात कालवत राहिली होती. ऑर्बोच्या पुठ्ठ्याला वाळवी लागू नये म्हणून मी पुण्याहून औषध मागवलं होतं. आईला एकदाही तपासायला नेलं नव्हतं.

मला रडू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. आईनंही उघडलं, घासासाठी. सत्तरीची बाई, पाखराच्या पिल्लासारखी आ करून माझ्याकडे पाहत होती.

मी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. तूप तिच्या हनुवटीवर ओघळलं. तिनं डोळे मिटले. किती तरी वेळ ती नुसती चघळत राहिली, गिळेचना.

"लय गोड झालं व सपना," ती शेवटी म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडून माझ्याकडे वळली. मी दुसरा घास मोडला.