सतरंजीवर न बसलेली मुलगी

एकतीस पोरं एकाच वेळी किंचाळत अंग ओरबाडतायत, हे मी एकदाच पाहिलंय आणि ते पुरे झालं. गंगापूर धरणामागच्या निसर्ग शिक्षण केंद्रात आमच्या सातवीची सहल गेली होती. देवराईच्या कडेला सतरंजीवर बसून पोरांनी डबे उघडले आणि पाचव्या मिनिटाला स्वराज मान खाजवत उठला. मग दिशा, मग साई, मग सतरंजीवरची सगळीच. पोटऱ्या, माना लालभडक झाल्या.

कुंपणापलीकडून वस्तीतली माणसं धावत आली. "राई कोपली! तिला कुंपण घातलं ना, भोगा आता!" तानुबाई नावाच्या म्हातारीनं तर जमिनीवर डोकंच टेकवलं. आणि अगदी बोलावल्यासारखे वस्तीतले मांत्रिक राईबाबा हजर झाले, हातात कालवलेल्या शेणाची बादली घेऊन. बातमी आत्ता कळलेला माणूस शेण कालवून कसा येतो, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. नाही सुचला. आणि मी म्हणे विज्ञान शिकवते!

"राई माई, खाज जाई, फट् फट् स्वाहा!" बाबानं स्वराजच्या मानेला शेण चोळलं, पोत्यानं खसाखसा पुसलं. स्वराज रडायचा थांबला. "शुभांगी मॅडम, कमी झालं!" झालं, गर्दीनं जयजयकार सुरू केला.

या बाबाचा पूर्वी राईतच चौथरा होता. अंगारे, गंडे, कोंबडी, सगळा कारभार तिथूनच. केंद्रानं कुंपण घातलं आणि बाबाची गिऱ्हाइकं तुटली.

"एवढ्यांना बाधा झाली," बाबा डोळे फिरवत म्हणाला, "मग कोणाला नाय झाली?"

माझ्याच वर्गातली बोटं आशाकडे वळली. आशा यंदाच आमच्या शाळेत आली. मूळची सुरगाण्याकडची, आई भागीबाई द्राक्षबागेत मजुरी करते. आशा डबा छातीशी धरून उभी होती. अंगावर एक ओरखडा नाही.

"जी लावते, तिला लागत नाय. भुताळी हाय ही! केरू, विळा तापव. कपाळावर डाग दिला की आतलं बाहेर पडतंय."

केरू म्हणजे केंद्राचा माळी, पण दंडाला बाबाचाच गंडा. त्यानं मुकाट्यानं केंद्राच्या चुलीत विळा सारला. खाज तर मलाही नव्हती, मी खुर्चीवर बसले होते. पण नाशिकहून आलेल्या मॅडमला भुताळी कोण म्हणणार? गर्दी आशाभोवती सरकत आली, कुणीतरी तिचा दंड धरला. त्यात दिशा ओरडली, "हो बाबा, तीच एकटी वेगळी बसली होती!"

मी गर्दीत घुसले आणि आशाला ओढून मागे घेतलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, कुयली हाय ती. आमच्या रानात शेंगा असतात, त्यांची लव टोचते. केरूमामानं हाताला पिशव्या बांधून सतरंजी अंथरली. मला वाटलं, हात दुखत असंल."

पिशव्या मीही पाहिल्या होत्या. वर्ग सजवायची चिकटपट्टी पर्समध्ये होती, ती सतरंजीवर दाबून उचलली. केंद्राचं भिंग घेतलं आणि सरळ तानुबाईच्या डोळ्यासमोर धरलं.

"आगं बया!" म्हातारी ओरडली. "बारीक बारीक सुया! ही तर खाजकुयली! आमच्या भावानं मास्तरच्या खुर्चीला लावली होती की!"

मी पट्टीचा दुसरा तुकडा साईच्या मानेवर चिकटवून उपटला. लव निघाली, खाज उतरली. मंत्र नाही, स्वाहा नाही. बाबाचं शेणही हेच करत होतं. "बाबा, राई तुमचीच ना?" मी म्हटलं. "मग बसा की सतरंजीवर दोन मिनिटं."

बाबा चार पावलं मागे सरला. केरू मटकन खाली बसला. "मला बाबा म्हणले, दोन सहली पळाल्या की केंद्र बंद पडंल."

मी पोलिसांना फोन लावला, तरी बाबाची मस्ती जाईना. "मग ही पोरगी कशी वाचली? सांगा की मॅडम!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विळा अजून चुलीत लाल होता. उत्तर मला ठाऊक होतं आणि तेच सांगायची लाज वाटत होती.

"आमच्या मुलांनी तिला सतरंजीवर जागा दिली नाही म्हणून," मी म्हणाले. "तिच्या अंगाला चुलीचा वास येतो म्हणे. डबे पसरून ठेवले आणि ती पलीकडे दगडावर जाऊन बसली. मी बघत होते. म्हटलं, जेवताना कशाला वाद घालायचा. म्हणून वाचली ती."

दिशा मान खाली घालून रडत होती. आशा कुणाकडेच बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

बाबाला पोलीस घेऊन गेले, तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. तुमच्याकडे कुणी राई कोपली, करणी झाली म्हणालं, तर आधी सतरंजी उलटून बघा. आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं, तेही विचारा. बाबाला विळा तापवायचं धाडस तिथूनच मिळतं.