तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ताबा

"आज नाई सायेब. आज तान्हा पोळा हाये," कुलदीप दारात आडवा उभा राहून म्हणाला.

केशवराव आदिलाबादच्या कोर्टाचे अमीन. कोर्टाचा हुकूम बजावणे ही त्यांची नोकरी. आजवर त्यांनी दुकानांना सील ठोकले होते, ट्रॅक्टर जप्त केले होते, एक म्हैसही ओढत आणली होती. मूल मात्र हे पहिलेच. म्हशीने निदान लाथ मारून आपले म्हणणे मांडले होते.

हुकूम सोपा होता. कुलदीपची पोर अर्पिता आईकडे राहील, शनिवारी बापाकडे येईल आणि रविवारी परत जाईल. पण राखीला आपल्या गावी, बेल्याला, आणलेली पोर कुलदीपने परत केलीच नव्हती. बजावणीला आजची तारीख देणाऱ्या न्यायाधीशसाहेबांना तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा सण, ठाऊक नव्हता.

"काऊन नाई पाठोली?" केशवरावांनी विचारले.

"पोरगीच म्हने, पोळा करून जातो."

"अन् पोळ्यानंतर?"

"मंग गणपती येते ना सायेब."

"अशानं तं लग्नच येईन तिचं!"

कुलदीपची आई प्रयागबाई ओट्यावरून कोर्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अर्पिताची आई दामिनी कोर्टाच्या जीपमधून उतरली नव्हती. सोडलेल्या सासरच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, हे तिचे तिने ठरवले होते.

गल्लीतून अर्पिता लाकडी बैल ओढत आली. केशवरावांसोबत आलेल्या हवालदारीणबाई पुढे सरसावल्या. "उचलू का?"

"हात नका लावू," दामिनी आतून म्हणाली. "ओढून नेली तं घरी जाऊन माह्याशीच बोलनार नाई. तिच्या पायानं येऊ द्या."

"अन् नाई आली तं?" केशवरावांनी विचारले.



अर्पिता दारोदार थांबत होती. बायका बैलाचे पाय धूत, ओवाळत, तिच्या हातावर काहीतरी ठेवत. सगळी घरे झाली. मग ती वळली आणि जीपसमोर येऊन उभी राहिली.

"आई, ओवाळ ना. तुहं दार राह्यलं."

दामिनीजवळ ना ताट, ना दिवा. तेवढ्यात प्रयागबाईच्या शिव्या थांबल्या. म्हातारी तबक आणि तांब्या घेऊन आली आणि दुसरीकडे बघत तिने ते खिडकीतून पुढे केले. "घे. पोरगी उभी हाये."

दामिनी उतरली. तिने लाकडाचे पाय धुतले, कुंकू लावले, ओवाळले. हातावर ठेवायला पर्समधला बिस्किटाचा पुडा निघाला.

"चालतं का गं?"

"चालते. बैल नेऊ?"

हुकुमात बैल नव्हता. केशवरावांनी गंभीरपणे विचार केला. "नेऊ दे. बैलाचा ताबा कोनी मागतला नाई."

अर्पिताने बापाकडे पाहिले.

"जाय बेटा," कुलदीप म्हणाला. "शनवारी न्याले येतो मी."

"अन् रविवारी?" केशवराव.

"रविवारी आणून सोडतो, सायेब."

अर्पिता बैल मांडीवर घेऊन आत बसली. कुलदीपने तिच्या झग्याची किनार आत सारली आणि दार लावले. ते नीट लागले होते. तरी त्याने ते उघडले आणि पुन्हा एकदा लावले.