पहिला खर्डा

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर सुट्टीत मुलांचं लेखन शिबिर भरायचं आणि ते कात्रीबाई चालवायच्या. नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. बाईंनी उभी हयात वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल पेन चालवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेना, म्हणून त्यांनी हा उद्योग मागे लावून घेतला. स्वतः त्यांनी जन्मात एक गोष्ट पुरी केली नव्हती. ज्याला पोहता येत नाही त्यानं काठावर उभं राहून हात कसे मारायचे ते सांगावं, तसलाच प्रकार. पण सांगायच्या मात्र झकास, आणि मुलं त्यांच्यावर जीव टाकायची.

शिबिराच्या रीती दोनच. गोष्ट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, आणि बाकीच्यांनी ती पटली की नाही एवढंच सांगायचं. मग खोलीच्या मधोमध पत्र्याची बादली ठेवायची आणि प्रत्येकानं आपला पहिला खर्डा आपल्या हातानं फाडून तिच्यात टाकायचा. पहिल्या खर्ड्यावर जीव जडला की लेखक संपला, असं बाईंचं मत होतं. फाडताना मुलं असा कल्ला करायची की खाली वाचत बसलेले पेन्शनर काठीनं छत ठोकायचे.

त्या वर्षी दातांच्या डॉक्टरांची मुलगी आली होती. उंची वाढली तसे खांदे आत घेऊन चालणारी, पायाच्या अंगठ्याशी बोलावं तशी बोलणारी. मधल्या सुट्टीत सगळ्यांना केळं आणि बिस्किटं मिळायची. ही ती खायची नाही, रुमालात गुंडाळून दप्तरात टाकायची. दोन दिवसांत तिचं नाव खारूताई पडलं. बाईंनीही एकदा विचारलं, काय गं, दुष्काळ पडणार आहे का? सगळे हसले. तीही हसली, पण दप्तराचा बंद काही हातातून सोडला नाही.

तिनं वाचलेली गोष्ट अशी होती. एका घरात एक म्हातारा आहे. त्याला बंद केलेल्या गॅलरीत ठेवलंय आणि दाराला बाहेरून कडी आहे. खायला दिवसातून एकदाच, कारण कमी खाल्लं की कमी धुवावं लागतं. तो चमच्यानं पेला वाजवायचा, म्हणून चमचा काढून घेतला. मग तो नखांनी वाजवायला लागला, तेव्हा घरच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. हे करणारा त्याचा सख्खा मुलगा आहे, शिकलेला आहे आणि कधीही चिडत नाही. गोष्टीचं शेवटचं वाक्य होतं, ‘तो अजून वाजवतोय.’

म्हातारा तेव्हा खरोखरच जिवंत होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं ते ध्यानात ठेवूनच वाचावं.

खोलीत एकमतानं ठरलं, पटलं नाही. एक मुलगा म्हणाला, सख्खा मुलगा असं करेल का? एकीनं विचारलं, मग शेजारी काय झोपा काढतायत? कात्रीबाईंनी नखांच्या वाक्याचं तोंडभर कौतुक केलं. असा तपशील मोठमोठ्यांना सुचत नाही, म्हणाल्या. मग त्यांची कात्री चालू झाली. खलनायक इतका काळा नको. माणसाला काहीतरी कारण द्या, थोडी माया द्या. नाहीतर वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

“पण बाई, खरंच असं असलं तर?” खारूताईनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर बाईंकडे कित्येक वर्षांपासून तयार होतं आणि ते देण्याची संधी त्या कधी सोडत नसत.

“खरं असणं पुरेसं नसतं बाळा. खरं वाटायला हवं.”

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, खारूताईनंही. मग बादली आली. बाकीच्यांनी कागद टराटरा फाडले. हिनं मात्र बारीक बारीक तुकडे केले, नखाएवढे, आणि ते नीट बादलीत सोडले. शहाणी मुलगी, असं बाईंना वाटलं. माणसाची अक्कल कुठे गहाण पडेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात म्हाताऱ्याचा मुलगा कामात बुडालेला निघाला, वडिलांकडे बघायला त्याला वेळच नसायचा. आता जरा पटतंय, मुलं म्हणाली. तिसऱ्यात कडी गेली. चौथ्यात मुलाला पश्चात्ताप झाला, तो वडिलांना खिडकीपाशी नेऊन बसवतो आणि स्वतःच्या हातानं केळं भरवतो. वाचताना तिचा आवाज पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. बाईंचे डोळे भरून आले. आपण एका मुलीला लिहितं केलं, या समाधानात त्या घरी गेल्या आणि गाढ झोपल्या.

समारोपाला पालक आले. निवडक गोष्टींची छापील पुस्तिका वाटली, तिच्यात पहिली गोष्ट खारूताईची. तिचे आईवडील पुढच्याच रांगेत होते. आईनं पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर बाईंना भेटायला आले. नीटनेटके, मृदू बोलणारे, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणारे. मुलगी आता घरातही बोलते म्हणाले. बाईंनी सहज विचारलं, घरात वडीलधारं कोणी आहे का?

“वडील आहेत. झोपूनच असतात.”

बाईंच्या मनात काहीतरी हललं. नाही असं नाही. पण मागे चारजण हात जोडून उभे होते, प्रत्येकाला बाईंशी बोलायचं होतं, आणि कौतुक ऐकणारा कान दुसरं काही ऐकत नाही. तेवढ्यात खारूताई जवळ आली आणि हळूच म्हणाली, आज केळं मिळेल का? बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आज पाहुण्यांचा मान गं, आज आपण मागायचं नाही.

महिना उलटायच्या आत वाचनालयाच्या शिपायानं सांगितलं, डॉक्टरांचे वडील गेले. तो त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. शेवटी शेवटी अगदी मुठीएवढे झाले होते म्हणाला. चौघं खांदेकरी आले होते, पण दोघांनीच उचलून जिन्यावरून खाली आणलं.

बाई भेटायला गेल्या. डॉक्टरांनी बसवलं, पाणी दिलं, वय झालं होतं म्हणाले. मग म्हणाले, या, तुम्हाला एक दाखवतो. आतल्या खोलीतून बंद गॅलरीत जायचं दार होतं आणि त्याला बाहेरून कडी होती. आत फिनेलचा वास, नवी फरशी आणि खिडकीला लागून कोरं करकरीत टेबल.

“हिच्यासाठी घेतलं,” डॉक्टर म्हणाले. “लिहिते ना आता. तिला स्वतःची जागा हवी.”

बाईंना पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यांची नजर भिंतीवर गेली होती. झोपलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर रंग खरवडलेला होता, पट्ट्यापट्ट्यांनी. फरशी बदलली होती, भिंत रंगवायची राहिली होती.

खारूताई त्यांना सोडायला खाली आली. जिन्यात बाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

“मला सांगायचं होतंस गं.”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “पहिल्याच खर्ड्यात. तुम्हाला पटलं नाही.”

बाई म्हणाल्या, आता चल माझ्याबरोबर, पोलिसांना सांगू. मुलीनं हात सोडवून घेतले. मला इथेच राहायचंय बाई, म्हणाली, आणि वर गेली.

बाई एकट्याच चौकीवर गेल्या. अंमलदारानं खुर्ची दिली, ऐकून घेतलं. मध्येच म्हणाला, डॉक्टरसाहेब? माझी दाढ त्यांनीच काढली, कळलंसुद्धा नाही. मग त्यानं विचारलं, पुरावा काय? भिंतीवरचे ओरखडे आजारी माणसाचेही असतात. मृत्यूचा दाखला रीतसर आहे. मुलगी जबाब देईल का? नाही? मग तुम्हाला हे कळलं कुठून?

तिनं लिहिलं होतं, बाई म्हणाल्या.

“मग तो कागद द्या ना.”

कागद पत्र्याच्या बादलीतून केव्हाच कचऱ्यात गेला होता. बाईंच्या पिशवीत होती फक्त पुस्तिका. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ती पुढे केली आणि सांगितलं की हा शेवट खरा नाही, तो मी बदलायला लावला. अंमलदारानं चष्मा लावला. तो सावकाश, ओठ हलवत, गोष्ट शेवटपर्यंत वाचत गेला. बाई समोर बसून राहिल्या. पंखा फिरत होता.

त्यानं पुस्तिका मिटून परत दिली. त्याचा चेहरा मऊ झाला होता.

“छान लिहिलंय हो पोरीनं,” तो म्हणाला. “अगदी खरं वाटतं.”