उरलेले थेंब

"ही बाटली कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

बाटली कुंदाबाईंचीच. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला तेव्हाची, तळाशी चार थेंब उरलेली. महागाचं औषध फेकायचं जिवावर आलं, म्हणून देव्हाऱ्यात जपून ठेवली होती.

"माझीच, सर. मीच डोळ्यात टाकलं," कामिनी म्हणाली.

सून धडधडीत खोटं बोलली आणि सासू गप्प बसून राहिली.

डॉक्टर भडकले. "झाडाची काडी लागलेल्या डोळ्यात हे थेंब? अहो, बुरशी माजली ना त्यानं! नुसत्या स्वच्छ पाण्यानं धुऊन त्याच दिवशी आला असतात तर भागलं असतं. आणि पऱ्हाट्या उपटताना साधा चष्मा लावायला काय होतं?"

कामिनीनं मान खाली घातली.

चष्मा होता की हो! नवऱ्याचा, हितेंद्रचा मोटारसायकलवरचा गॉगल घालूनच ती कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला उतरली होती. सगळ्या बायांदेखत कुंदाबाईंनी टोमणा मारला, "अवं माय, पऱ्हाट्या उपटाले आली का सिनेमात काम कराले?" बाया खो खो हसल्या. कामिनी लाजली, तिनं गॉगल काढून बांधावर ठेवला. थोड्या वेळानं काडी सपकन उजव्या डोळ्यात लागली.

त्यांच्या गावात, असोद्यात कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, की दवाखाना नाही, आधी कुंदाक्काचं दार. पापणी उलटून जिभेच्या टोकानं कचरा अलगद काढायचा, ही त्यांची ख्याती. त्याचा केवढा तोरा त्यांना! सुनेलाही त्यांनी तिथंच बांधावर बसवलं, डोळ्यात जीभ फिरवली, घरी येऊन थेंब टाकले. दोन दिवस लाली ओसरली. "पाह्य, गुण आला का नाही?" म्हणून त्यांनी हितेंद्रला ऐकवलं. मग डोळा ठणकायला लागला. "आई, जळगावले जाऊ," कामिनी कळवळून म्हणाली, तर, "एवढंसं लागलं, काहून नखरे करते?" आठवडाभरानं बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा कुठे बाईंचे पाय दवाखान्याकडे वळले.

कामिनीला दवाखान्यात ठेवून घेतलं. कुंदाबाई उशाशी बसून राहिल्या, तासातासाला औषध टाकत, दर वेळी हात साबणानं धुऊन. शेजारच्या खाटांवरच्या बाया म्हणायच्या, "अशी सासू मिळाले भाग्य लागतं." ते ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगावं असं रोज ठरवायच्या, आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची. एवढी चुरूचुरू चालणारी जीभ!

अखेर डोळा राहिला. नजर गेली.

परतीच्या एसटीत कामिनी खिडकीशी बसली, उजव्या डोळ्यावर पट्टी. कुंदाबाई तिच्या उजव्या हाताला बसल्या. पुढच्या सीटवर गावातलीच बेबाबाई होती. ती वळून बघते तो काय, पट्टी!

"काय झालं वं पोरी?"

"काडी लागली. मीच घरी कायतरी औषध टाकलं अन् नजर गेली, मावशी."

"अगं माय! आजकालच्या पोरी, शायन्या सोताले समजतात," बेबाबाईनं भर गाडीत सुनावलं. "घरात कुंदाक्कासारखी हुशार बाई, तिले इचारलं अस्तं तर डोया गेला अस्ता का?"

कामिनीची बोटं मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत होती.

"बेबा, तिले बोलू नको," कुंदाबाई म्हणाल्या. मग गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गॉगल मी काढाले लावला. डोयात जीभ मी फिरवली. थेंबबी माहेच, मीच टाकले. पोरीचा डोया मी घालवला."

बेबाबाईनं तोंडावर पदर धरला आणि ती पुढं वळली.

कुंदाबाई मान खाली घालून बसल्या. शेजारी हालचाल झाली. कामिनी त्यांच्याकडे बघायला वळत होती. उजवीकडचं दिसायला आता तिला सगळी मान वळवावी लागत होती.