गिटारीची मान

सावळेराम सुतारानं पत्त्यांच्या कॅटातली राणी गिटारीच्या मानेखाली सरकवली आणि ती सुळकन आत गेली. काल तिथं नखही शिरत नव्हतं.

वारूळवाडीच्या त्याच्या दुकानात आजवर पाळणे झाले, बैलगाड्या झाल्या. विजेची गिटार ही पहिलीच. तमाशात वाजवणारा कुंडलिक फोटो घेऊन आला, आणि यानं जुन्या चौकटीच्या सागाची बनवूनही टाकली. सांध्याला लावला कपाटांचा पांढरा डिंक. तारा चढवून एक दिवस उन्हात ठेवली, तर डिंक मवाळ पडला. सहा तारांची ओढ अर्ध्या क्विंटलाची.

परवावर महाळुंगे पडवळच्या जत्रेतली हजेरी आली होती, म्हणजे तमाशाचा दिवसाचा खेळ, तोही भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात. सावळेरामाला जेवतानाही तेच दिसू लागलं: मान सुटली, सरपंचाचा फेटा घेऊन उडाली आणि मंचरच्या बाजारात पडून सुताराचं नाव सांगत सुटली.

कुंडलिकचा चेहरा तर उतरूनच गेला होता. यंदा सूर हलला तर पुढच्या गावाला येऊ नको, असं तमाशाच्या मालकिणीनं बजावलं होतं. दोन नळ्या कालवून लावायचा कडक डिंक आणायला तो उठला, तसं ढोलक्या मढवणाऱ्या गेणभाऊनं त्याला खाली बसवलं. तो डिंक एकदा धरला की वाकडी बसलेली मान जन्मात सुटायची नाही, म्हणाला.

"सरस लाव, सावळेराम. हाडाकातड्याचा हाय, पर शब्दाला पक्का. चुकलं तर वाफ दे, सुटतंय."

सावळेरामाचा हात गळ्याकडं गेला. त्याच्या माळकरी बापानं सरस कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. गळ्यातली तुळशीची माळही बापाचीच.

"ऱ्हाऊ द्या, सावळेरामभाऊ," कुंडलिक म्हणाला. "माझ्यापायी धरम नका बुडवू."

सावळेरामानं माळ काढून खुंटीला अडकवली. मान सोडवली, जुना डिंक खरवडला, गरम पाण्यात वाटी ठेवून सरस पातळ केला आणि मान बसवून शिकंज्यात आवळली. वास घरभर फिरला. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, देवघराचं दार लावून घेतलं.

हजेरीला तो मांडवाच्या खांबाआड उभा होता. ढोलकीवर थाप पडली की याला सांधा तडकल्यासारखा वाटे. पत्रा तापला, माणसं घामानं निथळली, सरपंचाचा फेटा जागेवरच राहिला. खेळ संपल्यावर कुंडलिकनं चारचौघांत गिटार त्याच्या हातात दिली. सावळेरामानं आधी खिशातली राणी काढली. ती आत गेली नाही.

घरी त्याची अंघोळ झाल्यावर लंकाबाईनं माळ पुढं केली. त्यानं नखं हुंगली.

"आज नगं. वास जाऊंदे."

वास चार दिवसांत गेला. माळ खुंटीलाच राहिली. पुढं दरसाल जत्रेआधी कुंडलिक गिटार दाखवायला यायचा. सावळेराम मानेखाली राणी सरकवून बघायचा. ती जायची नाही. मग त्याचा हात आपसूक आपल्या मोकळ्या गळ्याकडं जायचा.