प्रणालीच्या घरचा कुलूपबंद फ्रिज

मी फ्रिज बोलतोय. अख्ख्या अमरावतीत माझ्याइतका बदनाम फ्रिज दुसरा नसेल. कारण माझ्या दाराला कुलूप आहे.

दुकानातून आलो तेव्हा माझा थाट काय सांगू! रागिणीवहिनींनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, शेजारणी बर्फ मागायला आल्या. मग वहिनींच्या लेकीला, प्रणालीला, दुर्मीळ जनुकीय आजार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. पोट भरलं हे तिला कळतच नाही. भूक सतत, अंगात ताकद कमी, उंची खुंटलेली. म्हणून वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज, आणि खाणं मोजून, कुलपात. दोन्ही माझ्याच गळ्यात पडलं. इंजेक्शनचं पेन माझ्या दाराच्या कप्प्यात असतं. ते गार हवं, पण गोठलं की वाया गेलं.

एवढं सोपं, पण पाहुण्यांना पाण्याआधी कुलूप दिसतं. "पोरीले उपाशी मारता का बाप्पा?" म्हणत ते तिच्या हातात गुपचूप पेढा ठेवतात. वर सल्लाही देतात, "सुया कायले टोचता? दूध पाजा, वाढते आपोआप." पाहुण्यांच्या लेखी सगळ्यांत कमी शिकलेले काय ते डॉक्टरच.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकोटहून जमुनाआत्या आल्या, प्रणालीच्या वडिलांची थोरली बहीण. सोबत आमरसाचा भलामोठा डबा. वहिनी कुरडया तळत होत्या, त्यांनी विश्वासाने चावी दिली. डबा आत ठेवला तर दार लागेना. दाराच्या कप्प्यातलं पेन आड येत होतं. आत्यांनी ते उचलून थेट बर्फाच्या कप्प्यात टाकलं.

"थंडच लागते ना त्याले? मंग इथं अजून चांगलं राहीन."

कुलूपही लावलं नाही. "सणाच्या दिवशी अन्नाले कुलूप लावत नसते." मी घरघर करून बघितली. आमची घरघर कोण ऐकतो?

दुपारी मंडळी जेवून आडवी झाली आणि प्रणाली आली. तिने दार उघडलं. रसाचा वास तिच्या अंगावर आला. हात डब्याच्या झाकणावर पडला. मला फार वाईट वाटलं. मी नुसता उभा होतो. मग ती जोरात ओरडली.

"आई, लवकर ये! कुलूप लाव ना! मले लय भूक लागून राहिली. अन् माह्यं इंजेक्शन कुठं गेलं?"

वहिनींनी धावत येऊन तिला पोटाशी धरलं. पेन गोठून दगड झालं होतं. नवं नागपूरहून येईपर्यंत इंजेक्शन बंद राहिलं. आत्या खूप रडल्या. आता स्वतःच पाहुण्यांवर डाफरतात, "कुलपाले हात लावू नका, समजत नाही का तुमाले?"

लोकहो, आमच्याकडे अवश्य या. माठातलं पाणी प्या. मला मात्र माझं काम करू द्या. औषध लागू पडतंय. मागच्या दिवाळीत प्रणालीचा हात कुलपापर्यंत पोचत नव्हता, आता पोचतो. रोज झोपण्याआधी ती ते एकदा ओढून बघते, नीट बसलंय ना म्हणून.

बसलंय, बाई. झोप तू.