मिसेस ब्लॅकेटचं मांजर

मोरेश्वर गद्रे आयुष्यात एकूण अकरा तास इंग्लंडात होते, आणि तेही विमानतळावर. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली कॅनडाला जाणारं पुढचं विमान चुकलं म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या एका खुर्चीवर बसून राहावं लागलं. बाहेर पडायला व्हिसा नव्हता. त्या अकरा तासांत त्यांनी दोन कप चहा प्यायला, तो दोन्ही वेळा कोमट निघाला. लादी पुसणाऱ्या एका बाईने त्यांना ‘पाय वर घ्या’ म्हणून दोनदा फटकारलं. बाईच्या छातीवर नावाची पट्टी होती: ब्लॅकेट. बस, इंग्लंड संपलं.

एवढ्याशा पिठावर गद्र्यांनी पुढे जवळपास तीस वर्षं पोळ्या लाटल्या. नागोयात येऊन मोटारींच्या कारखान्यात स्थिरावल्यावर त्यांनी ते अकरा तास ताणून तीन वर्षांचे केले. विमानतळाचं लीड्स केलं. लादी पुसणारी बाई घरमालकीण झाली. तिला सतरा पायऱ्यांचं घर मिळालं, संधिवात मिळाला आणि ऑगस्टस नावाचं एक केशरी मांजरही मिळालं. या सगळ्या ऐवजाकडे गद्रे अशा काही तुच्छतेने बघायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस तिथे राहून कंटाळून आलेला आहे. न बघितलेल्या देशाचं कौतुक कोणीही करील, पण त्याला नावं ठेवायची तर तिथे राहावंच लागतं, असा लोकांचा एक भाबडा समज असतो. गद्र्यांची सगळी इस्टेट त्या समजावर उभी होती.

ऐकणारा मात्र आता एकच उरला होता. दोन हजार अकराच्या भूकंपाच्या वर्षी नागोयाच्या मराठी मंडळातली निम्मी कुटुंबं मुलांना घेऊन पुण्याला गेली, ती परतलीच नाहीत. नंतर आली ती सॉफ्टवेअरची पोरं. ती प्रोजेक्टसाठी दोन-दोनदा लंडनला जाऊन आलेली, आणि बोलता बोलता खिशातून फोन काढून खातरजमा करणारी. गद्रे त्यांच्यासमोर तोंडच उघडत नसत. ‘या पोरांना काय कळणार इंग्लंड,’ एवढं म्हणून समोसा खात.

राहता राहिला पंढरीनाथ होनप. त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, घरात मोची आणि भाकरी नावाच्या दोन मांजरी पाळून असलेला. बायको शैलजा वारल्यापासून गद्र्यांच्या घरात आठवड्यातून एकदाच माणसाचा आवाज होई, तो रविवारी पंढरीचा. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणे, ‘हं, मोऱ्या, मग मिसेस ब्लॅकेट काय म्हणाली?’ पंढरीचा विश्वास उडाला की आपला रविवार गेला, हे गद्र्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून दोन हजार तेराच्या शरदात पंढरी दोन तिकिटं नाचवत आला आणि ‘मोऱ्या, चल, इंग्लंडला जायचं!’ म्हणाला, तेव्हा गद्र्यांनी तिकिटांना हातही लावला नाही.

‘मला नाही जायचं त्या दळभद्री देशात परत.’

‘अरे, तिथलं नव्हे. इथलं. इगिरिसु-मुरा!’

नागोयापासून अडीच तासांवर, डोंगरात वसवलेलं हे इंग्लंड गाव. जपानात पैसा उतू जात होता त्या काळात कोणा कंपनीने विलायतेहून विटा मागवून बांधलेलं. दोन दिवस, एक रात्र, छोट्या बसमधून सबंध इंग्लंडचा फेरा. भूकंपानंतर तिथले खरे इंग्रज नोकर पहिल्या विमानाने घरी पळाले होते, आणि आता पाहुणे उतरत त्या वाड्याच्या दारात लॉर्डसाहेब म्हणून एक बल्गेरियन उभा राहत असे.

‘तू बरोबर असलास की मजा,’ पंढरी म्हणाला. ‘काय खरं, काय खोटं, तू सांगत जा.’

गद्र्यांचा जीव भांड्यात पडला. खोट्या इंग्लंडात त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण होता?

आपली जाणकारी सगळ्या बसला कळावी म्हणून गद्र्यांनी नावं ठेवायला सुरुवात केली ती इंग्रजीत. पहिला थांबा लंडन. तिमजली चाळीएवढा घड्याळाचा मनोरा आणि त्याखाली लाल टपालपेटी. घड्याळाने बरोबर अकराचे ठोके दिले.

‘वेळेवर वाजतंय,’ गद्रे तोंड वाकडं करून म्हणाले. ‘इंग्लंडात हे असलं चालत नाही.’

ऑक्सफर्ड म्हणजे एक भिंत आणि तिला टेकवलेली सायकल. पुढे माळावर सिमेंटचे उभे दगड गोल मांडलेले, आणि भूकंपात कोसळू नयेत म्हणून प्रत्येकाला मागून लोखंडी पट्टी.

‘तिकडचे पट्टीशिवाय उभे आहेत ना रे, पाच हजार वर्षं?’ पंढरीने विचारलं.

‘राहतील नाही तर काय! तिथे माणसांना हलायचा कंटाळा, तसा जमिनीलाही.’

बाथ नावाच्या थांब्यावर तर जपान्यांनी आपल्या स्वभावाला जागून गरम पाण्याचं वाफाळतं कुंडच बांधलं होतं. गद्रे कपाळाला हात लावून हसले. ‘हा मात्र कळस झाला! खऱ्या बाथमध्ये गरम पाण्याचा थेंब नाही. लीड्सहून जाऊन मी आठ दिवस राहिलोय तिथे. नळ सोडला की खाली बर्फ पडायचा!’

पुढच्या सीटवर जांभळी टोपी घातलेली एक गोरी म्हातारी संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले. तिने वळून गद्र्यांना एकदा नीट पाहून घेतलं आणि पुन्हा संत्रं सोलायला लागली.

बसमागून गावचा व्यवस्थापक ओनिशी-सान वही घेऊन सायकलवर येत होता. एक पाहुणा सकाळपासून तक्रारी करतो आहे, ही खबर त्याला लागलीच होती. जेवणाच्या वेळी तो गद्र्यांपुढे कमरेत वाकला. ‘गद्रे-सान, आपण तीन वर्षं तिथे राहिलात असं होनप-सान म्हणाले. खऱ्या इंग्लंडची माहिती असलेलं कोणीच आता आमच्याकडे उरलं नाही. आमच्या चुका कृपा करून लिहून द्या.’

गद्र्यांनी चार पानं भरून दिली. पायऱ्या फार स्वच्छ आहेत, शेवाळ हवं. चहा उकळता देऊ नये. वाढणाऱ्या मुली हसतात. इंग्लंडात वाढणारी बाई गिऱ्हाइकाकडे आपल्या घरातली झुरळं त्यानेच सोडल्यासारखं बघते. घड्याळ मागे असावं. आपली तुच्छता इतकी मन लावून ऐकणारा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. पाचवं पान मागावं की काय, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काय! वाड्याच्या सगळ्या पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ. मागच्या ओढ्यावरून खरवडून आणून, ब्रशने सारखं करून बसवलेलं. घड्याळाने नवाचे ठोके नऊ वाजून बारा मिनिटांनी दिले, आणि दोन माळी खाली उभे राहून तो उशीर मोजत होते. न्याहारीला चहा आला तो बरोबर कोमट. आणणारी मुलगी भुवया आकसून, ओठ मुरडून उभी; त्या कष्टाने बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कोपऱ्यात ओनिशी-सान श्वास रोखून बघत होता.

गद्रे हबकले. आपल्या थापेची इतकी मनापासून अंमलबजावणी झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण सावरून म्हणाले, ‘हं. आता जरा इंग्लंडसारखं वाटतंय.’

तेवढ्यात जांभळी टोपी आत आली. शेवाळावर घसरून तिचा गुडघा मातीने माखला होता. तिने चहाचा एक घोट घेतला, मुलीच्या आठ्या बघितल्या आणि काठीने ओनिशी-सानला बोलावलं. हे काय चाललंय म्हणून विचारलं. ओनिशी-सानने अभिमानाने उजवा हात पसरून गद्र्यांकडे दाखवलं.

म्हातारी काठी टेकत टेबलापाशी आली आणि खुर्ची ओढून बसली. ‘मी मिसेस हॉलिस. चाळीस वर्षं कोबेत इंग्रजी शिकवलं. जन्म लीड्सचा.’ मग शांतपणे विचारलं, ‘तुम्ही लीड्समध्ये कुठे राहायचात म्हणालात?’

गद्र्यांनी साखरेचं भांडं जवळ ओढलं आणि चमच्यामागून चमचा साखर कपात घातली. समोर पंढरी, कुतूहलाने चमचा हवेत धरून. मित्राला आठवत नाही असं पाहून त्यालाच राहवेना. ‘मी सांगतो!’ तो म्हणाला. ‘स्टेशनच्या मागे. खाली चांभाराचं दुकान, वर सतरा पायऱ्या. घरमालकीण मिसेस ब्लॅकेट. डाव्या गुडघ्यात संधिवात. ऑगस्टस नावाचं केशरी मांजर.’

गद्र्यांनी डोळे मिटून घेतले. इस्टेट लिलावात निघाली होती.

मिसेस हॉलिसने त्यांच्याकडे बघत तो कोमट चहा संपवला. मग कप खाली ठेवून टाळी वाजवली.

‘एडिथ ब्लॅकेट! अहो, ती तर माझ्या आईची जिवलग मैत्रीण!’

गद्र्यांनी डोळे उघडले. ही बाई धडधडीत खोटं बोलते आहे हे भूतलावर एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि तेच सांगायची त्यांना चोरी होती.

‘म्हणजे तो हिंदुस्थानी भाडेकरू तुम्ही?’ बाईंचा स्वर गार पडला. ‘आईच्या पत्रात असायचं. एडिथ रडायची म्हणे. ती लादी पुसायला आली की हे गृहस्थ पाय उचलायचे नाहीत. आणि मांजर जवळ आलं, की तोच पाय बरोबर उचलला जायचा. लाथ घालायला!’

पाय न उचलल्याचं ऐकून गद्र्यांच्या अंगावर काटा आला. पण पंढरीने ऐकलं होतं फक्त मांजराचं. त्याने चमचा हळूच खाली ठेवला.

‘मोऱ्या, तू मांजराला लाथ मारायचास?’

‘पंढऱ्या, थापा मारतेय ती! मांजरच नव्हतं तिथे!’

‘नव्हतं? ऑगस्टस नव्हता? त्याला सर्दी झाली तेव्हा तू त्याला ब्रँडी पाजलीस ना?’

‘बिचारा ऑगस्टस,’ मिसेस हॉलिस उठत म्हणाल्या. ‘शेवटपर्यंत लंगडत होता.’ जाता जाता त्या गद्र्यांच्या कानाशी वाकल्या. ‘बाथचं गरम पाणी रोमन लोकांच्या आधीपासून वाहतंय. तुम्ही होतात त्याच आठ दिवसांत कसं हो आटलं?’ आणि टोपी सावरत, शेवाळ टाळत, त्या निघून गेल्या.

काय खोटारडी जात आहे ही, असं गद्र्यांना आयुष्यात पहिल्यांदा अगदी पुराव्यानिशी वाटलं. अशा लोकांचं राज्य आपण दीडशे वर्षं कसं सोसलं?

परतीच्या गाडीत पंढरी दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. तासभर त्याने खिडकीवरची नजर काढली नाही. मग म्हणाला, ‘रविवारी मला जमायचं नाही. यापुढेही बहुधा नाहीच.’

गद्र्यांनी मनातल्या मनात दोन्ही पारडी तोलून पाहिली. एकीकडे लबाड ठरायचं, दुसरीकडे मांजराचा वैरी. ते उठले, पंढरीशेजारी येऊन बसले आणि आजवर कधी न केलेली गोष्ट करून मोकळे झाले: खरं बोलले. विमानतळ, चुकलेलं विमान, खुर्ची, दोन कप चहा, लादी पुसणारी बाई. लीड्स नाही, घर नाही, पायऱ्या नाहीत, ऑगस्टस नाही. ‘अकरा तास, पंढऱ्या. बाकी सगळी माझी थाप. मी इंग्लंड बघितलेलं नाही.’

पंढरीने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने गद्र्यांकडे अशा नजरेने बघितलं, की गद्र्यांनी इंग्लंडाकडेही तशा नजरेने कधी बघितलं नसेल.

‘शरम वाटू दे, मोऱ्या. एका मुक्या जिवाला लाथ मारलीस ती मारलीस. आता ते झाकायला अख्खं इंग्लंड नाही म्हणतोस? ज्या बाईने तीन वर्षं तुला घरात ठेवलं, तिला विमानतळावर लादी पुसायला लावतोस?’

‘अरे पण...’

‘मिसेस हॉलिसने ओळखलं तुला! तिच्या आईची पत्रं आहेत! तिची पत्रं खोटी आणि तुझं विमान खरं?’

तीस वर्षं त्यांनी घडवलेला श्रोता होता तो; कारागिरी पक्की उतरली होती.

शेवटी तोडगा पंढरीनेच काढला. त्या रविवारी गद्रे सुक्या मासळीची पुडी घेऊन त्याच्या घरी गेले. भाकरीपुढे चटईवर बसून, पंढरीच्या देखत, ऑगस्टसच्या जागी तिची माफी मागितली. ‘वाक जरा नीट,’ पंढरी म्हणाला, ‘ओनिशी-सान तुझ्यापुढे वाकला होता तसा.’ गद्रे तसे वाकले. भाकरीने मासळी हुंगली, खाल्ली आणि पाठ फिरवली. तिच्याही नजरेत आदर म्हणून नव्हता.

मग टेबलावर चहा आला. पंढरी समोर टेकला. त्याने भाकरीच्या पाठीवरून हात फिरवला. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, ‘हं. मग त्या लाथेनंतर मिसेस ब्लॅकेट काय म्हणाली?’

गद्र्यांच्या जिवात जीव आला. कप खाली ठेवून त्यांनी तोंड उघडलं, तोच मोची टेबलाखालून त्यांच्या चपलांकडे सरकली.

‘मोऱ्या,’ पंढरी खेकसला, ‘पाय वर घे!’

गद्र्यांनी निमूटपणे दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. चहा कोमट होता.